रिमवरचं सिरॅमिक कोटिंग नागपूरच्या उन्हात: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार भाऊ, मी मनीष नगरला राहतो, गेल्या महिन्यात अलॉयवाली नवी गाडी घेतली. डिटेलिंगवाला म्हणतो बॉडीसोबत चारी रिमला पण सिरॅमिक कोटिंग करून घ्या, आपल्याकडच्या उन्हात रिम तापते, कोटिंग असलं की गरमी लागत नाही, त्याच्या डब्यावर शेकडो डिग्रीचा आकडा पण लिहून आहे. माझा मोठा भाऊ म्हणतो उलट कोटिंगने गरमी आत कोंडते आणि समृद्धीवर टायर फुटतो. मे महिना लागून राहिला, करू की नको?

उत्तर: करा भाऊ, पण त्याने सांगितलेल्या कारणासाठी नाही, आणि मे महिन्यात तर नाहीच नाही.

आधी तुमच्या मोठ्या भावाचं बोलतो, कारण त्यांची काळजी खरी आहे, फक्त बोट चुकीच्या जागी ठेवलंय. हे कोटिंग म्हणजे पुसून लावायचा पारदर्शक द्रव, वाळल्यावर त्याचा थर असतो एक-दोन मायक्रॉनचा, आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, मग एवढ्याशा थरात गरमी कोंडणार कुठे. म्हणजे हा थर गरमी कोंडतही नाही आणि अडवतही नाही, दोघांचंही म्हणणं इथेच संपतं. टायर फुटतो तो हवा कमी असली, टायर जुना झाला, गाडी खच्चून भरली आणि वरून तासन् तास १२० ने पळवली म्हणून. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते-सुटते, दबते-सुटते, त्यातूनच टायर आतून तापत जातो. शिवमडक्याहून समृद्धीवर चढायचं असेल त्या दिवशी सकाळी टायर थंड असतानाच हवा बघा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आकडा असतो तेवढीच भरा, आणि रस्त्यात जेवायला थांबलात की गरम टायरमधली वाढलेली हवा काढू नका, ती वाढणारच असते.

आता उन्हाचं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, दुपारी ४५-४६ डिग्री असताना डांबरावर ६० च्या वर जातं, गाडी तिथेच उभी असेल तर रिमला हात लावता येत नाही, हे आपण सगळेच बघतो. पण तेवढ्या गरमीने रिमला काही होत नाही, कंपनीत रिमवरचं क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, भट्टीत १३०-१५० डिग्रीला पक्कं केलेलं असतं. खरी गरमी येते ब्रेकमधून. गावात चालवताना डिस्क १००-२०० डिग्रीपर्यंत जाते, घाटात सारखा ब्रेक दाबत उतरलात तर ३००-४०० सहज, मात्र रिमपर्यंत त्यातला थोडाच भाग पोचतो कारण मध्ये हवा खेळती असते. आणि डब्यावरच्या आकड्याबद्दल माझं म्हणणं साधं आहे: वरचा थर शेकडो डिग्री सोसत असेलही, पण तो बसलाय क्लिअर कोटवर, रिम खरंच एवढी तापली तर खालचं क्लिअर आधी पिवळं पडून सोलून निघेल, मग वरचं कोटिंग कशाला चिकटून राहील?

मग करायचं कशासाठी, तर ब्रेकच्या काळ्या भुकटीसाठी. ही भुकटी म्हणजे पॅड आणि डिस्क घासून निघालेलं बारीक लोखंड, ते गरम असतानाच रिमवर उडतं, क्लिअर कोटमध्ये रुतून बसतं, ओल मिळाली की तिथेच गंजतं आणि मग लालसर ठिपके काही केल्या जात नाहीत. कोटिंग असलं की ही भुकटी घट्ट धरत नाही, साध्या शाम्पूने आणि मऊ ब्रशने निघते, ॲसिडवाला क्लीनर वापरायची पाळी येत नाही. चार रिम धुवायला जो वेळ आणि जोर लागतो तो निम्म्यावर येतो हे मी स्वतःच्या गाडीवर अनुभवलंय. नवी रिम आहे, अजून काही रुतलेलं नाही, म्हणून तुमच्यासाठी वेळ चांगलीच आहे.

पण महिना चुकीचा. कोटिंग थंड, कोरड्या रिमवर, सावलीत लावावं लागतं. मे मध्ये आपल्याकडे रात्री दहालाही शटरच्या आत भट्टी असते, कोटिंग पुसायच्या आधीच वाळतं आणि चट्टे राहून जातात, ते मग पॉलिश करूनच काढावे लागतात. काही दुकानात कूलर लावून काम करतात, ते तर अजून वाईट, दमट हवा आणि बारीक तुषार थेट कच्च्या कोटिंगवर जातात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करा, आणि चाकं काढून करून घ्या, कारण भुकटी सगळ्यात जास्त रिमच्या आतल्या बाजूला साचते आणि चाक न काढता तिथे हातच जात नाही. आधी आयर्न रिमूव्हर मारायला सांगा, लोखंड असलं की जांभळं पाणी निघतं, ते संपेपर्यंत धुवायचं. डिस्कला, पॅडला आणि रिम जिथे हबवर (चाक बोल्टने ज्यावर बसतं तो मधला भाग) बसते त्या जागेला कोटिंगचा थेंबही लागू देऊ नका, हे तुम्ही तिथे उभं राहून बघा. नंतर निदान एक दिवस पाणी नको.

प्रश्न: दादा, मी प्रतापनगरहून लिहितेय. हिवाळ्यात कोटिंग केलं, तीन चाकं मस्त आहेत पण पुढच्या डाव्या चाकावर दोन दिवसांत काळं साचतं, कोटिंगची चमकही तिथेच गेली, आणि ऑफिसमधून घरी आलं की तिथून जळल्यासारखा वास येतो. कोटिंग खराब लागलं असेल का? तो माणूस पुन्हा लावून द्यायला तयार आहे.

उत्तर: ताई, पुन्हा लावू नका, आधी ब्रेक दाखवा, आणि या आठवड्यातच दाखवा. एकाच चाकावर जास्त भुकटी, एकाच चाकाला वास, म्हणजे तिथला ब्रेक बहुतेक सुटत नाहीये, कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन नाहीतर स्लाइड पिन जाम झाली असेल, पॅड सतत डिस्कला घासत असेल. घरी पोचल्यावर रिमला हात न लावता चारी चाकांजवळ हात नेऊन बघा, एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागेल. गाडी एका बाजूला ओढते का, मायलेज पडलं का तेही आठवा. मेकॅनिकला ब्रेक ऑइल पण बघायला सांगा, ते हवेतली ओल शोषतं, नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल निदान २३० डिग्रीला उकळतं पण ओल शिरली की ती मर्यादा १५५ पर्यंत खाली येते आणि तापलेल्या ब्रेकला पेडल खाली जातं. तुमच्या कोटिंगने खरं तर काम केलं, खाली काहीतरी जळतंय हे दिसलं तरी. पिन साफ करून ग्रीस लावणं हे मोठं काम नाही, पण असंच ठेवलं तर पॅड, डिस्क, हबचं बेअरिंग सगळं जाईल. ते सुधारल्यावर ती एकच रिम पुन्हा करून घ्या.

प्रश्न: काटोल रोडला घरी बोअरच्या पाण्याने गाडी धुतो. कोटिंग असूनही रिमवर पांढरे गोल डाग पडतात. नाइन एच कोटिंग आहे म्हणे, मग डाग का?

उत्तर: काका, नाइन एच हा पेन्सिलने ओरखडून बघायच्या कडकपणाचा आकडा आहे, डागांशी त्याचा संबंध नाही, आणि फुटपाथला रिम घासली तर हे कोटिंग वाचवणारही नाही. डाग बोअरच्या क्षारांचे आहेत. गरम रिमवर पाणी पडतं, उडून जातं, क्षार तिथेच राहतात. नळाच्या पाण्याने धुवा, नाहीतर बोअरचं वापरून लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या. ताजे डाग पांढरं व्हिनेगर समान पाण्यात मिसळून, थंड रिमवर, मिनिटभर ठेवून धुतले की निघतात.

आणि बाहेरून आल्या आल्या पाणी मारू नका. एकदा चिखलदऱ्याहून घाट उतरून थेट वॉशिंगला गेलो, त्या पोराने तापलेल्या चाकांवर प्रेशरने थंड पाणी सोडलं आणि मी बघत राहिलो. त्यानंतर ब्रेक दाबला की पेडल थरथरायला लागलं, शेवटी पुढच्या दोन्ही डिस्क बदलाव्या लागल्या. तेव्हापासून मी अर्धा तास तरी गाडी सावलीत उभी ठेवतो, चाकं कोमट झाली की मगच नळी हातात घेतो.

प्रश्न: कॅलिपर आणि सायलेन्सरला पण हेच कोटिंग चालेल का? (हिंगणा)

उत्तर: कॅलिपरला वरून चालतं, कारण त्याचा उपयोग तिथेही भुकटी न धरण्यापुरताच. सायलेन्सरला नाही. एक्झॉस्टसाठीचं सिरॅमिक कोटिंग वेगळंच असतं, जाड, रंगासारखं फवारून लावतात आणि ते खरंच गरमी अडवतं. नाव सारखं असल्यामुळे दुकानात गल्लत होते, म्हणून डबा हातात घेऊन कशासाठी आहे ते वाचा. आणि जुन्या रिमला नवा पावडर कोट (कोरडा रंग फवारून भट्टीत भाजतात तो) करून घेणार असाल तर भट्टीचं तापमान आधी विचारा, बऱ्याच अलॉय रिम हीट ट्रीटमेंट करून मजबूत केलेल्या असतात, २०० च्या वर वारंवार भाजल्या तर तो मजबूतपणा उतरतो आणि वरून काहीच दिसत नाही.