मॉडेल आलं, पण त्यात दरवाजे कुठे?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : आमच्या खात्याकडे शाळांच्या इमारती आहेत. यंदा निविदेत ‘बिम मॉडेल आयएफसी स्वरूपात द्यावे’ अशी अट घातली (बिम म्हणजे इमारतीचं माहितीसकट त्रिमितीय मॉडेल, आयएफसी म्हणजे ते वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांत उघडता यावं यासाठीचं खुलं फाइल-स्वरूप). सल्लागाराने दिलेली फाइल बॉन्साय या मोफत बिम सॉफ्टवेअरमध्ये उघडली, दरवाजेही दिसतात. पण दरवाज्यांची यादी काढली तर ती रिकामी. खोट सॉफ्टवेअरची की फाइलची?
— कनिष्ठ अभियंता, परळ

उत्तर : फाइलची, आणि त्याआधी अटीची. आयएफसीमध्ये प्रत्येक घटकाला वर्ग असतो : दरवाज्याला ‘आयएफसीडोअर’, भिंतीला ‘आयएफसीवॉल’. मूळ सॉफ्टवेअरमधून निर्यात करताना ही जोडणी केली नाही, तर सगळं ‘बिल्डिंग एलिमेंट प्रॉक्सी’ या गठ्ठ्यात पडतं. डोळ्यांना दरवाजा दिसतो. यादीच्या लेखी तो नुसता ठोकळा.

पुढच्या निविदेत तीन गोष्टी लिहा : आयएफसीची आवृत्ती (इमारतीला ४, रस्ता, पूल, रेल्वे असेल तर ४.३), मूळ सॉफ्टवेअरची फाइलही सोबत, आणि खात्याने स्वतः तयार केलेली आयडीएस फाइल. आयडीएस म्हणजे संगणकाला वाचता येईल अशी मागण्यांची यादी. आयएफसीची मानकं ठरवणाऱ्या बिल्डिंगस्मार्ट या संस्थेने तिची १.० आवृत्ती २०२४ मध्ये मंजूर केली. प्रत्येक नियमाचे दोन भाग असतात, कुणाला लागू आणि काय हवं. ‘प्रत्येक दरवाज्याच्या डोअरकॉमन या गुणधर्म-संचात फायररेटिंग (आगीला टिकण्याची क्षमता) भरलेलं असावं’ हा झाला एक नियम. आयएफसीटेस्टर हे मोफत साधन फाइल तपासून कुठला दरवाजा नापास झाला ते दाखवतं.

मात्र इथे एक फसगत आहे. नियम ‘दरवाजे असतील तर’ असा ऐच्छिक ठेवला, तर एकही ‘आयएफसीडोअर’ नसलेली तुमची ही फाइल बिनबोभाट पास होईल! म्हणून नियम ‘अनिवार्य’ ठेवा. मग निदान एक दरवाजा सापडलाच पाहिजे. प्रॉक्सींवर मनाई करणारा वेगळा नियमही घाला. गुणधर्मातल्या लांबी-रुंदीची अट मीटरमध्ये द्यायची, मॉडेल मिलिमीटरमध्ये असलं तरी. आणि आयडीएस फक्त नोंदलेली माहिती तपासतं. जिना प्रत्यक्षात अरुंद काढलाय का, हे त्याला कळत नाही. ते माणसानेच बघायचं.

प्रश्न : सर्व्हेचे आकडे घालून मॉडेल बसवलं की भिंतींच्या कडा दातेरी होतात, फिरवताना थरथरतात. ग्राफिक्स कार्ड बदलावं का?
— वाचक, मुलुंड

उत्तर : नको, पैसे वाया जातील. मुंबई यूटीएम या जागतिक नकाशा-जाळीच्या ४३ उत्तर पट्ट्यात येते. इथली उत्तर दिशेची किंमत (विषुववृत्तापासून मोजलेली) साधारण २१ लाख मीटर. पडद्यावर चित्र काढताना बरीच सॉफ्टवेअरं ३२ बिटांची संख्या वापरतात, आणि एवढ्या मोठ्या आकड्याला तिची अचूकता साडेबारा ते पंचवीस सेंटीमीटरवर येते. नऊ इंची भिंत त्यात काय टिकणार? मॉडेल शून्याजवळच काढा. खरे सहनिर्देशांक आयएफसीतल्या ‘मॅप कन्व्हर्जन’ या नोंदीत आणि पट्टा ‘प्रोजेक्टेड सीआरएस’ या नोंदीत लिहा. आयएफसी २×३ मध्ये ही सोयच नाही, आवृत्ती ४ मागण्याचं हेही एक कारण.

उंची नोंदवताना तिचा आधारही लिहा. पालिकेच्या जुन्या नकाशांवर टाऊन हॉल डेटमच्या (मुंबईच्या जुन्या आधारपातळीच्या) पातळ्या असतात, त्या समुद्रसपाटीपासून मोजलेल्या नव्हेत. दोन सल्लागार दोन आधार धरून बसले तर गटाराचा उतार कागदावरच उलटा होतो.

प्रश्न : खोल्यांची नावं मराठीत दिली, पण फाइल नोटपॅडमध्ये उघडली की भलतेच आकडे दिसतात.
— वाचक, ठाणे

उत्तर : फाइल बिघडलेली नाही. प्रत्येक देवनागरी चिन्ह चार अंकी संकेतात लिहिलं जातं, म्हणून ‘शाळा’ हा शब्द सोळा अंकांचा होतो. बॉन्सायमध्ये तो नीट दिसेल. फक्त नोटपॅडमध्ये ‘शाळा’ शोधायला जाऊ नका. खोलीचा क्रमांक साध्या अंकांत ठेवा, नाव खुशाल मराठीत द्या.

प्रश्न : साहेब म्हणतात, ‘फुकटचं सॉफ्टवेअर, कार्यपद्धतीची पुस्तिका कशाला?’ काय सांगावं?
— उपअभियंता, वांद्रे

उत्तर : बदलीचा आदेश आला की तुमच्याबरोबर सगळं ज्ञानही जाईल, एवढं सांगा. पुस्तिका जाडजूड नको. कुठलं सॉफ्टवेअर, नेमकी कुठली आवृत्ती आणि इन्स्टॉलर खात्याच्या सर्व्हरवर कुठे ठेवलाय. फाइलींची नावं कशी. आयडीएस कुठे आणि ती कुणी बदलायची. फाइल नापास झाली तर बिल अडवायचं की शेरा मारायचा. शेवटचा मुद्दा लेखा विभागाच्या संमतीने लिहा, नाहीतर तो पाळला जाणार नाही. नॉर्वेच्या स्टाट्सबिग या सरकारी संस्थेने आपली बिम नियमावली सर्वांसाठी खुली ठेवली आहे. नमुना म्हणून बघा, उतरवून काढू नका.

चालू कामात सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलायची नाही. बदलावीच लागली तर जुनी आणि नवी फाइल आयएफसीडिफ या दोन फाइलींतला फरक दाखवणाऱ्या साधनाने ताडून पाहा. तिथे सगळेच घटक ‘गेले’ आणि तेवढेच ‘नवे आले’ असं दिसलं, तर घटकांचे २२ अक्षरी ग्लोबल आयडी (प्रत्येक घटकाची स्वतंत्र ओळख) निर्यातीत बदललेत. ती फाइल स्वीकारू नका. सल्लागाराला जुने आयडी कायम ठेवून पुन्हा द्यायला सांगा.