वाचकांचे प्रश्न : माउंटन बाइकचे सस्पेन्शन

प्रश्न : माझ्या फुल सस्पेन्शन सायकलचा मागचा शॉक २१०×५० मिमी आहे. वजन ७५ किलो. सायकलवर बसलो की शॉकच्या दांड्यावरची ओ-रिंग (रबरी कडे) २० मिमी सरकते आणि लहान उडीतही शॉक तळाला आदळतो. महागडा शॉक घ्यावा का? – पुणे

शॉक बदलू नका, आधी हवा बघा. ५० मिमी स्ट्रोकमध्ये (शॉक जास्तीत जास्त दबतो त्या अंतरात) २० मिमी म्हणजे ४० टक्के सॅग. सॅग म्हणजे नुसत्या तुमच्या वजनाने शॉक किती दबतो ते. ट्रेल सायकलला २५ ते ३० टक्के पुरतो, म्हणजे तुमची ओ-रिंग १५ मिमीच्या आत राहायला हवी.

हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी असा पूर्ण जामानिमा करून मोजा. लॉकआउट (शॉक घट्ट करणारी कळ) उघडा, भिंतीचा आधार घेऊन पेडलवर उभे राहा, दोनचारदा दाबा, ओ-रिंग सीलला टेकवा आणि हिसका न देता उतरा. नुसते सीटवर बसून मोजल्यास आकडा फुगतो. मग शॉक पंपाने १०-१० पीएसआय वाढवत जा. दर वेळी शॉक दहाएक वेळा हळू दाबा, म्हणजे शॉकमधल्या हवेच्या मुख्य आणि निगेटिव्ह (उलट बाजूने ढकलणाऱ्या) कप्प्यांतला दाब जुळतो. हे टाळले तर आकडा फसवा येतो. पंप काढताना होणारा फुस्स आवाज बहुतेक नळीतल्या हवेचा असतो, त्यासाठी जास्तीची हवा भरू नका.

सॅग बरोबर येऊनही आदळत असेल तर हवा आणखी भरू नका, बारीक खडीवर चाकाची पकड जाईल. सगळी हवा सोडून एअर कॅन (शॉकचे हवेचे नळकांडे) उघडा आणि एकच व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारा तुकडा) घाला. त्याने सॅग जवळपास तसाच राहतो, शेवटचा टप्पा मात्र कडक होतो. शेवटी रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत वर येण्याचा वेग, बघा, कारण दाब बदलला की तोही बदलावा लागतो. बसल्या बसल्या फुटपाथवरून उतरा. शॉक एकदाच उसळून स्थिरावला पाहिजे. रिबाउंड फार हळू ठेवला तर सलग खड्ड्यांत शॉक वर यायच्या आतच पुढचा धक्का बसतो, आणि लोक त्यालाच ‘शॉक कडक झाला’ म्हणतात.

प्रश्न : १०० मिमी फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) हार्डटेलला, म्हणजे मागे शॉक नसलेल्या सायकलला, १४० मिमीचा फोर्क लावू का? – नाशिक

नको. पुढची बाजू सुमारे ४० मिमी उचलली जाते, हेड अँगल (फोर्कचा जमिनीशी कोन) साधारण २ अंशांनी कलतो, सीट मागे झुकते आणि चढावर पुढचे चाक भरकटते. हे सगळे एकवेळ सोसता येईल. खरा धोका हेडट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या नळीच्या) जोडाला आहे: लांब फोर्कची तरफ मोठी, आणि ती फ्रेम त्या जोरासाठी बनलेली नसते. उत्पादकाने लेखी परवानगी दिली असेल तर १२० पर्यंत जा. त्याआधी स्टीअरर (हेडट्यूबमध्ये जाणारी फोर्कची नळी) बघा. आजचे बहुतेक चांगले फोर्क टेपर्ड (खाली जाड होत जाणाऱ्या स्टीअररचे) आणि १५×११० मिमी अ‍ॅक्सलचे असतात. जुन्या सरळ हेडट्यूबमध्ये ते बसत नाहीत आणि हबही बदलावा लागतो.

प्रश्न : हाय पिव्हट आणि आयडलर पुलीच्या सायकली खरंच चांगल्या का? – सिएटल

उतारावर, होय. पिव्हट, म्हणजे मागचा भाग ज्यावर हलतो तो सांधा, वर असल्याने मागचे चाक वर जाताना मागेही सरकते, त्यामुळे दगडाची उभी कड त्याला अडवत नाही. नुसता पिव्हट वर नेला तर चेन ताणली जाऊन पेडलला झटका बसतो. म्हणून चेन पिव्हटजवळच्या दातेरी पुलीवरून, म्हणजे आयडलरवरून, नेतात. अमोरी पियेरॉनने २०१८चा डाउनहिल विश्वचषक कॉमेन्साल कंपनीच्या अशाच सायकलवर जिंकला.

किंमत मोजावी लागते ती घर्षणाने, आवाजाने आणि लांब चेनने; बऱ्याच मॉडेलला एक पाकीट चेन पुरत नाही. शॉक दबला की मागचा भाग लांबतो, म्हणून वळणावर पुढच्या चाकावर जाणीवपूर्वक भार द्यावा लागतो. पुलीचे दात आकड्यासारखे वाकले की ती लगेच बदला. दिवसभर चढणाऱ्यांनी साधी चार-लिंक रचनाच (चार जोडदांड्यांचे मागचे सस्पेन्शन) घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : पावसाळ्यात फोर्कचे तेल कधी बदलावे? – सातारा

साधारण ५० तासांच्या वापरानंतर, चिखलात त्याआधीच. हवा सोडा, खालचे बोल्ट थोडे सैल करून रबरी हातोडीने ठोका, मग बोल्ट पूर्ण काढून लोअर (फोर्कचा खालचा भाग) ओढून काढा, फोम रिंग तेलात भिजवा. फोर्कच्या दोन्ही पायांतले तेल बहुधा वेगवेगळ्या मापाचे असते. माप तुमच्याच मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्या. प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर कधीही मारू नका.