पगार वाढला की युनिव्हर्सल क्रेडिट किती कापतात?

ताई, दुकानात जास्तीचे तास मिळत असतील तर बिनधास्त घ्या. पगार वाढला म्हणून युनिव्हर्सल क्रेडिट (ब्रिटनमध्ये कमी कमाई असणाऱ्यांना मिळणारी सरकारी मदत) एकदम बंद होत नाही, हळूहळू कमी होतं. (व्हिसावर सरकारी मदत न घेण्याची अट असेल तर मात्र सल्ला घेतल्याशिवाय अर्ज करू नका.)

हिशेब हातात पडलेल्या पगारावर होतो, म्हणजे टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापला जाणारा सरकारी विमा) आणि पेन्शन वजा करून. तुम्हाला मूल आहे, त्यामुळे सुरुवातीची काही रक्कम धरतच नाहीत. घरभाड्याची मदत घेणाऱ्यांना 2025-26 साठी ही सूट महिन्याला 411 पौंड होती. पुढच्या प्रत्येक पौंडामागे 55 पेन्स कापतात. त्या सुटीने समजा 1,011 पौंड हातात आले, तर 411 सोडून उरले 600, आणि कपात 330.

नवीन माणसं हमखास चुकतात ती इथे:

- महिना 1 तारखेपासून मोजतात. तुमचा हिशेबाचा महिना अर्ज केलेल्या तारखेपासून चालतो.
- पगार दर चार आठवड्यांनी असेल तर वर्षात 13 पगार होतात. एका महिन्यात दोन पगार येतात आणि मदत खूप घटते, कधी शून्यही होते. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा भाड्याचे पैसेच उरले नव्हते. तो महिना आत्ताच कॅलेंडरवर लाल पेनाने खुणावा आणि थोडे पैसे बाजूला टाका.

पे-स्लिप जपून ठेवा. आकडा जुळला नाही तर ऑनलाइन जर्नलमध्ये (युनिव्हर्सल क्रेडिटच्या खात्यातलं निरोपांचं पान) लगेच लिहा. स्वतःच्या धंद्याचे नियम नंतर बघू.