जुन्या स्पिटफायरचं मागचं सस्पेन्शन गावातच खोलून नवं करता येते का?

येते भाऊ, आरामात येते. फक्त तो कमानवाला (गाडीच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, म्हणजे कमानी, दुरुस्त करणारा) म्हणून राहिला तसा जास्तीचा पाटा (कमानीतली पोलादी पट्टी) टाकू नका, बाकी जे करायचं ते करा.

तुमचा प्रश्न मी असा समजलो: गाडी ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३ (जुनी इंग्लिश दोन सीटची स्पोर्ट्स कार), बरीच वर्षं दारव्ह्याकडे टिनाच्या शेडमध्ये उभी होती, आता मागून बसली अन् एका अंगाला झुकली, मागच्या चाकांचा वरचा भाग आत गेल्यासारखा दिसते, आणि रोडवरचा कमानवाला म्हणते एक पाटा वाढवून गाडी चार बोटं उचलून देतो. अन् तुम्हाला हे सगळं घरी खोलायचं आहे.

मी आर्वीकडचा, माझं रोजचं काम ट्रॅक्टर-ट्रॉलीचं, पण स्टँडर्ड हेराल्ड खालून बऱ्याच पाहिल्या. हेराल्ड का सांगून राहिलो, तर १९६१ पासून मद्रासला बनलेली ती गाडी अन् तुमची स्पिटफायर यांचा मागचा सांगाडा एकाच घरचा आहे. इंग्लंडमध्ये हेराल्ड आली १९५९ ला, तिचीच चेसी आखूड करून १९६२ ला स्पिटफायर काढली, दोन्हीचं डिझाईन इटलीच्या मिकेलोत्ती या डिझायनरचं. म्हणून तुमच्या भागात हेराल्डवर हात बसलेला कोणी म्हातारा मिस्त्री असला तर त्याला पहिले चहा पाजा, यूट्यूबपेक्षा तो जास्त कामाचा.

आता पाट्याची गोष्ट. आपल्याकडे ट्रॉली असो की जीप, मागून बसली की एक पाटा वाढवा हा ठरलेला इलाज, अन् तिथे तो बरोबरही आहे कारण तिथे एक्सल सरळसोट एकच दांडा असते, गाडी कितीही उचला चाक उभंच राहते. स्पिटफायरला तसं नाही. कमान एकच, आडवी, डिफरन्शिअलच्या (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) डोक्यावर आवळलेली, अन् दोन्ही बाजूचे एक्सल डिफरन्शिअलपाशी एकेका क्रॉसवर (युनिव्हर्सल जॉइंट, दांडा मोडता ठेवणारा सांधा) मोडतात, कोंबडीच्या पंखांसारखे. बाहेरच्या टोकाला क्रॉसच नाही. म्हणजे बॉडी वर गेली की चाकं खालून आत ओढली जातात अन् बॉडी खाली बसली की वरून आत झुकतात. वरून थोडंसं आत झुकलेलं चाक वळणावर चांगलं धरते, त्याची भीती नाही. भीती उलट्याची आहे. पाटा वाढवला की गाडी उंच, चाकं खालून आत, मग जोरात वळण घेतलं अन् मध्येच घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग अजून उचलला जाते, बाहेरचं चाक खाली दुमडते अन् गाडी मागून सुटते. या डिझाईनची बदनामी त्याच्यावरूनच झाली. कंपनीने पण पुढे १९७० च्या मार्क ४ मध्ये कमान बदलली, तिचे जवळजवळ सगळे पाटे मधल्या पिनेवर डोलतात. अन् मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने तर हेराल्डनंतरच्या १९७२ च्या गॅझेल गाडीला सरळ एकसंध एक्सलच देऊन टाकला.

म्हणून खोलायच्या आधी मोजा. सपाट फरशीवर गाडी उभी करा, हवा चारही चाकांत बरोबर भरा, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्हीकडे माप घेऊन लिहून ठेवा. मग पुढचा भाग जॅकने बरोबर मधोमध उचला. मागची बाजू तरीही झुकलेलीच राहिली तर दोष मागे, अन् सरळ झाली तर तुमची समोरची स्प्रिंग बसली आहे, उगाच मागचं खोलू नका.

जागा पक्की पाहिजे. आपल्या काळ्या मातीत जॅक लावू नका, वरून कितीही टणक दिसली तरी पाऊस पडला की घोडी (गाडी टेकवायचा स्टँड) एका अंगाने रुतते. कोबा नसेल तर बाभळीच्या जाड फळ्या घाला, घोड्या चेसीखाली लावा, पुढच्या चाकांना आडण लावा, मग हात घाला. पाने इंची लागतात. स्पिटफायरचे बोल्ट सुती आटीचे आहेत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), तीन सुती बोल्टला नऊ-सोळांशाचा पाना. चौदा मिलिमीटरचा त्यात जात नाही अन् पंधराचा ढिला होऊन कोपरे खाते. जुन्या मॅसी ट्रॅक्टरवाल्याकडे असे पाने सापडतात, त्याला विचारा.

खोलायचा क्रम मी सांगतो तसा ठेवा. चाकं काढा, ब्रेकचा होजपाईप सोडून तोंड बंद करा (ते तेल रंगावर सांडलं तर रंग गेलाच समजा), हँडब्रेकची तार पिनेतून काढा, एक्सलची फ्लँज (बोल्टने जोडलेली चकती) डिफरन्शिअलपासून सोडा, सोडायच्या आधी दोन्ही फ्लँजवर छिन्नीची एक खूण मारून ठेवा. मग मागच्या व्हर्टिकल लिंकखाली (कमानीचं टोक अन् चाकाकडचा भाग जोडणारा उभा तुकडा) जॅक लावून थोडा भार घ्या अन् त्यानंतरच शॉकॲबसॉर्बर काढा. हे आधी-नंतर करू नका, कारण चाक खाली किती लटकेल हे तो शॉकॲबसॉर्बरच धरून असते, तो गेला की कमानीचा सगळा ताण तुमच्या जॅकवर. डोकं बाजूला ठेवून जॅक हळूहळू उतरवा, कमान मोकळी झाली की रेडियस रॉड (चाक पुढे-मागे हलू न देणारा दांडा) अन् कमानीच्या डोळ्यातला बोल्ट काढा, पूर्ण लिंक एक्सलसकट बाहेर येते. कमानीची क्लॅम्प प्लेट वरून मिळते, सीटांच्या मागे पत्र्याचं झाकण आहे ते उघडा. नट काढले तरी कमान बाजूला सरकणार नाही, मागचे स्टड आडवे येतात. एका स्टडवर दोन नट चढवून एकमेकांवर घट्ट लॉक करा अन् खालच्या नटाला पाना लावून उलटा फिरवा, स्टड फिरत फिरत वर येते. आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवलं असलं तर अजून सोपं.

खरी कटकट आहे व्हर्टिकल लिंकच्या खालच्या टोकाला, ट्रनियनपाशी (लिंक चाकाकडच्या भागाला जोडणारा सांधा). तिथे नायलॉनचे बुश, त्यांच्या आत लोखंडी नळी अन् नळीतून आरपार एक बोल्ट. हा बोल्ट नळीत गंजून एकजीव होते. नट निघते, बोल्ट फिरते पण, अन् तुम्हाला वाटते आला, पण पाहता तर त्याच्यासोबत नळीच फिरून राहिली. घण मारू नका, लिंक वाकते. गॅस मारू नका, नायलॉन वितळून अजून चिकटते. लिंक अन् ट्रनियन यांच्या मधल्या फटीत हॅक्सॉचं ब्लेड घाला अन् दोन्हीकडून बोल्ट कापून टाका. वेळ लागते, हात भरून येतो, पण हाच सरळ रस्ता आहे. नवा बोल्ट, नळी, नायलॉन बुश, रबरी रिंग सगळं मिळून सेट मिळते, बाहेरून मागवावा लागते पण तो मागवाच. जोडताना बोल्टला सढळ हाताने ग्रीस लावा म्हणजे पुढच्या माणसाला कापायची पाळी येणार नाही.

दुसरी कटकट हब, म्हणजे ज्यावर चाक बसते तो भाग. हब एक्सलच्या निमुळत्या टोकावर चावीसकट ठाण बसलेलं असते, साध्या तीन पायांच्या पुलरने येत नाही, पाय वाकतात. शाफ्टच्या टोकावर घणाने ठोकाल तर आटे फुलतील अन् एक्सल कामातून जाईल. अमरावतीला किंवा नागपुरात हायड्रॉलिक प्रेस असलेल्या लेथवाल्याकडे पूर्ण तुकडा घेऊन जा. आत बाहेरच्या बाजूला बॉल बेअरिंग, आतल्या बाजूला नीडल बेअरिंग, अन् ते नीडल सरळ शाफ्टवरच फिरते. म्हणून नुसतं बेअरिंग बदलून भागत नाही, शाफ्टवर नखाने ओढून पाहा, नख अडकलं तर तो शाफ्ट गेला. बेअरिंगवर नंबर कोरलेला असते, तो पुसायच्या आधी लिहून घ्या, बरेचदा इथेच बेअरिंगच्या दुकानात तोच साईज मिळून जाते. हबपाशी एक छोटा प्लग आहे, तो काढून तिथे निप्पल बसवते अन् ग्रीस मारता येते, वर्षानुवर्षं ते कोणी करत नाही. समोरच्या ट्रनियनचं मात्र वेगळं आहे, त्यात ग्रीस नाही, नव्वद नंबरचं गिअर ऑईल लागते, ही गल्लत लय लोक करतात.

क्रॉस दोन्ही बदलून टाका, गाडी एवढी खोललीच आहे तर. डिफरन्शिअलच्या सीलमधून तेल झिरपत असेल तर तेही आत्ताच.

कमान तुमच्या कमानवाल्याकडे जरूर न्या, पण काम सांगून. सगळे पाटे सुटे करायचे, ब्रशने घासायचे, मेन पाट्याच्या डोळ्यापाशी चीर आहे का ते रॉकेल लावून, पुसून, वर खडू घासून पाहायचं. पाट्यांच्या टोकांना रबरी बटणं असतात ती झिजलेली असतात, नवी टाकायची. बाक कमी झाला असेल तर तो थंडाच हातोडीने थोडा परत घेता येते, पण भट्टीत लाल करून बाक देतो म्हणाला तर कमान उचला अन् घरी या. स्प्रिंगचं पोलाद तापवून, तेलात बुडवून अन् परत ठरावीक तापमानाला नरम करून बनलेलं असते, भट्टीत लाल करून हवेत ठेवलं की ते साधं लोखंड होते, महिन्याभरात परत बसते. कमान अगदीच गेली असेल तर नवी मागवा, त्यात काटकसर नको.

एक गोष्ट हेराल्डवाल्यांना करावी लागत नाही पण तुम्हाला करावी लागते. स्पिटफायरचे रेडियस रॉड चेसीला नाही, बॉडीच्या पत्र्याला लागतात. तिथला पत्रा गंजला असेल तर सगळे बुश नवे टाकूनही चाक पुढे-मागे हलते. शेडमध्ये उंदराने ओढून आणलेला कापूस अन् कचरा तिथेच साचतो, ओल धरतो. पेचकस टोचून पाहा, आत गेला तर आधी वेल्डर, मग सस्पेन्शन.

जोडताना रबरी बुशचे बोल्ट हातानेच लावून ठेवा. गाडी खाली उतरवा, तेव्हा मागची चाकं खालून आत घुसलेली दिसतील, घाबरू नका, दहा-वीस फूट पुढे-मागे ढकला म्हणजे बसतात. सीटवर दोन माणसं बसवा अन् मग ते बोल्ट पक्के आवळा. लटकलेल्या चाकात आवळले तर रबर कायम पिळलेलं राहते, गाडी उंच दिसते अन् बुश लवकर फाटतात. कितीने आवळायचं ते कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या, माझ्या किंवा कोणाच्या अंदाजावर जाऊ नका. ब्रेकची हवा काढल्याशिवाय शेडच्या बाहेरही नेऊ नका.

झाकण उघडलं की क्लॅम्प प्लेटचा वरून फोटो टाका. मधल्या काळात कोणी त्यात मार्क ४ ची डोलती कमान टाकली असेल तर समोरचा अँटी-रोल बारही (वळणावर गाडी कमी झुकू देणारा दांडा) जाड लागते, मग काही गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतील.