वाचकांचे प्रश्न : विहिरीत टाकलेला फोन

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. आम्ही तासगाव तालुक्यातले, घरची द्राक्षबाग आहे. टाळेबंदीत तो सातवीत होता. शाळेचे तास फोनवर सुरू झाले म्हणून यांनी त्याला फोन घेऊन दिला. दहावीला चांगले गुण पडल्यामुळे अकरावीसाठी सांगलीत खोली करून ठेवले, पण तिथे त्याचे बिनसले. दोन विषय राहिले, तेव्हा घरी परत आणले. आता तो दिवसभर झोपतो आणि रात्री दहानंतर सांगलीच्या मित्रांबरोबर फोनवर गोळीबाराचा खेळ खेळतो. पहाटे तीनपर्यंत खोलीतून त्याचा आवाज येत असतो. छाटणीला मजूर मिळत नव्हते, तरी बागेकडे फिरकला नाही. गेल्या महिन्यात यांनी रागाच्या भरात फोन विहिरीत टाकला. तो दोन दिवस जेवला नाही आणि कपाटाच्या काचेवर हात आपटून घेतला. आठवड्याने रात्री अडीचला मला जाग आली, तर उशाखालचा माझा फोन गायब. गोधडीत शिरून तो त्यावर खेळत होता. हे म्हणतात, पुण्याला व्यसनमुक्ती केंद्रात टाकू. शेजारणी म्हणतात, वय आहे, सुटेल. हे व्यसनच आहे का? दिवसाला किती तास चालतात? आम्ही काय करावे? — एक आई, तासगाव तालुका

उत्तर : ताई, तासांचे आधी सांगतो. या वयाच्या मुलासाठी ‘इतके तास चालतील आणि त्यापुढे व्यसन’ अशी रेघ कोणी ओढलेली नाही. द्राक्षाच्या दरासाठी चार गटांवर दिवसभर नजर ठेवणारा बागायतदार फोनवर पाच तास घालवत असेल, तरी तो व्यसनी ठरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या ११ व्या आवृत्तीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ म्हणजे खेळाच्या व्यसनाचा समावेश केला आणि ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिथे तीन गोष्टी पाहतात. खेळ कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा यावर ताबा राहिलेला नाही, जेवणखाण, झोप, अभ्यास, माणसे या सगळ्यांच्या आधी खेळ येतो, आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असतानाही तो सुटत नाही. हे साधारण वर्षभर चाललेले असावे, अशीही अट आहे, मात्र लक्षणे तीव्र असतील तर त्याहून कमी काळही पुरतो. नुसत्या ‘इंटरनेटच्या व्यसना’ला त्या वर्गीकरणात स्वतंत्र आजार म्हणून जागा दिलेली नाही. गंमत अशी, की हे नाव १९९५ मध्ये इव्हान गोल्डबर्ग या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने चक्क थट्टेत, आजारांच्या जाड ग्रंथांची नक्कल करण्यासाठी काढले होते आणि लोकांनी ते खरे मानून ‘आम्हालाही हेच झाले आहे’ असे त्याला कळवले. थट्टा तिथेच राहिली, त्रास मात्र खरा निघाला.

तुमच्या पत्रावरून तिन्ही गोष्टींचा संशय येतो. तरी पत्र वाचून निदान करणे बरे नाही, आणि मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो तुम्ही ओझरता लिहिलेला शब्द : सांगलीत त्याचे ‘बिनसले’. काय बिनसले? विषय आधी राहिले आणि मग तो खेळात शिरला, की खेळामुळे विषय राहिले? पहिले असेल, तर फोन हे दुखणे नसून दुखण्यावर त्याने स्वतःच शोधलेले औषध आहे. उदासीनता, परीक्षेची धास्ती, खोलीवरच्या मुलांनी केलेला छळ, लहानपणापासून लक्ष न टिकण्याचा त्रास, यांपैकी काहीतरी अशा मुलांमध्ये पुष्कळदा सापडते, आणि त्यावर उपचार न करता फोन काढून घेतला तर मुलाच्या हातात काहीच उरत नाही.

आता विहिरीविषयी. यजमानांचा राग मी समजू शकतो. तरीही हा उपाय का फसला, ते सांगायला हवे. अशा खेळात बक्षीस ठरलेल्या वेळी मिळत नाही. कधी तिसऱ्या डावाला मिळते, तर कधी तिसाव्याला. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने पक्ष्यांवर आणि उंदरांवर प्रयोग करून दाखवले होते, की बक्षीस असे अनिश्चित मिळत असेल तर सवय सर्वांत चिवट होते. मटक्याचा आकडा लावणाऱ्याला उद्याची आस सुटत नाही, त्यामागेही हेच गणित असते. अशी सवय एका झटक्यात बंद केली, की ती विझण्याआधी काही दिवस भडकते. न जेवणे, आदळआपट, रात्री दुसऱ्याचा फोन उचलणे हा तो भडका होता. त्यावरून मुलगा हाताबाहेर गेला, असा निष्कर्ष काढू नका. मात्र काचेवर हात आपटणे हलक्यात घेऊ नका. त्याला शांतपणे, एकटा असताना, सरळ विचारा की जीव नकोसा वाटतो का. विचारल्याने तसा विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आले, किंवा तो नुसता गप्प बसला, तरी त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट खेळाच्या रचनेची, जी आईबापांना सहसा कुणी सांगत नाही. हा खेळ तो एकटा खेळत नसून चौघांच्या टोळीत खेळतो. एक डाव अर्ध्या तासाच्या आसपास चालतो, आणि मध्येच उठणारा बाकीच्या तिघांना तोंडघशी पाडतो. म्हणजे तुम्ही दारातून ‘ठेव तो फोन’ म्हणता, त्या क्षणी तो आईचे ऐकायचे की मित्रांना साथ द्यायची, अशा पेचात असतो. म्हणून डाव संपेपर्यंत थांबा आणि मग बोला. एकदा त्याच्या शेजारी बसून खेळ पाहा, टोळीत कोण कोण आहे ते विचारा. रात्री तीनपर्यंत तुम्हाला ऐकू येणारा आवाज हेच बहुधा त्याचे दिवसभरातले सगळे बोलणे असते, कारण गावात त्याच्या वयाचे सवंगडी आता उरलेले नाहीत.

सुरुवात झोपेपासून करावी. अभ्यास, बाग, परीक्षा हे विषय महिनाभर बाजूला ठेवले तरी चालेल. रात्रीच्या उजेडाने झोप आणणारे मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार होते, आणि पहाटे झोपलेला मुलगा दिवसा उठून करणार तरी काय? त्याच्याशी बसून वेळ ठरवा : पहिल्या आठवड्यात शेवटचा डाव साडेबाराला संपेल, पुढच्या आठवड्यात बाराला, असे करत अकरापर्यंत या. नंतर घरातले सगळे फोन स्वयंपाकघरातल्या एकाच फळीवर चार्जिंगला लागतील. सगळे म्हणजे यजमानांचाही. दराचे मेसेज सकाळी पाहिले तरी दर बदलत नाहीत. तुमच्या शेजारच्याच कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद ठेवायचे ठरले. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की नियम एकट्या पोरांना लावला नव्हता, मालिका पाहणाऱ्या आयांनाही लावला होता. एकट्यावर लादलेला नियम त्याला शिक्षा वाटतो.

एक वहीही ठेवा. तीत तास न लिहिता, त्याने फोन हातात घेतला त्याच्या आधी काय घडले ते लिहा : वडील ओरडले, पाहुण्यांनी निकाल विचारला, एखाद्या मित्राचा फोन आला. दहा दिवसांत काहीतरी धागा दिसू लागेल. ती वही घेऊन सांगली-मिरजेत मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. या त्रासावर म्हणून खास गोळी नाही. विचार आणि सवयी बदलण्याचे समुपदेशन हाच मुख्य उपचार असतो, आणि उदासीनतेसारखे काही निघाले तर त्याची औषधे वेगळी देतात. बंगळूरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून यासाठी वेगळे क्लिनिक आहे. गरज पडली तर तो मार्ग आहे. मुलाला न सांगता गाडीत घालून केंद्रात नेऊन सोडण्याच्या मात्र मी विरोधात आहे. परत आल्यावर तो तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि पुढचे सगळे काम त्या विश्वासावरच चालायचे असते. एवढे मात्र पाहून घ्या, की खेळात पैसे लागतात का. यजमानांच्या खात्यातून किरकोळ रकमा जात असतील तर ते प्रकरण वेगळे आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आहे, तो जरूर दाखवा, पण कायद्याची धमकी देऊ नका.

प्रश्न : मी कराडला अभियांत्रिकीला आहे. इंटरनेटवर एक वीस प्रश्नांची चाचणी दिली, तर मला तीव्र व्यसन आहे असे उत्तर आले. तेव्हापासून झोप नाही. — एक विद्यार्थिनी

उत्तर : ती चाचणी बहुधा किंबर्ली यंग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंची असावी, १९९८ च्या सुमाराची. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडला, की मग कुठे इंटरनेट मिळायचे, त्यामुळे ‘ठरवल्यापेक्षा जास्त वेळ ऑनलाइन राहता का’ या प्रश्नाला तेव्हा जो अर्थ होता तो आज उरलेला नाही. अभ्यास, बस, पैसे, मैत्रिणी सगळेच फोनमध्ये असताना गुण फुगणारच. अशा चाचण्या चाळणीसारख्या असतात, त्यांनी निदान होत नाही. तुम्ही परीक्षा देता आहात, जेवता आहात, मैत्रिणींत मिसळता आहात का, ते पाहा. आणि ती चाचणी रात्री किती वाजता दिली होती?

प्रश्न : मी साताऱ्यातला सेवानिवृत्त शिक्षक, वय ६८. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. रात्री पाच मिनिटे म्हणून रील पाहायला घेतो आणि दोन वाजतात. पहाटे अजिंक्यताऱ्यावर जायचो, तेही बंद पडले. आयुष्यभर मुलांना शिस्त शिकवली, त्यामुळे कोणाला सांगायची लाज वाटते. — एक वाचक

उत्तर : गुरुजी, यात लाजण्यासारखे काही नाही. पुस्तकाचे प्रकरण संपते, वर्तमानपत्राचे शेवटचे पान येते, आणि तिथे माणूस मान वर करून घड्याळ पाहतो. फोनच्या पडद्याला शेवटचे पान नाही. बोटाने सरकवत राहिले की खाली नवे येतच राहते, ही सोय २००६ मध्ये ॲझा रास्किन या संगणक-रचनाकाराने तयार केली आणि पुढे त्यानेच तिच्याबद्दल खेद व्यक्त केला. जिथे थांबायची जागाच काढून टाकलेली आहे, तिथे तुमची शिस्त अपुरी पडली असे कसे म्हणणार?

तुम्ही लिहिले आहे त्याला मी व्यसन म्हणणार नाही. रात्री दहा ते दोन ही वेळ पूर्वी दोघांची होती, ती आता रिकामी आहे, आणि रीलमध्ये निदान माणसांचे आवाज तरी असतात. म्हणून आवाज राहू द्या, पडदा काढा. रेडिओ लावा, किंवा नाटक, कीर्तन ऐका, ज्यांना शेवट असतो. फोन बाहेरच्या खोलीत ठेवा. गजरासाठी तो उशाशी हवा असे वाटत असेल, तर चावीचे घड्याळ आणा. आणि अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर पूर्वी भेटणाऱ्यांपैकी एकाला आजच सांगून ठेवा, की उद्या साडेपाचला माझ्या फाटकाशी हाक मारा. हाक आली की तुम्ही उठाल. इतकी वर्षे शाळेची घंटा ऐकून उठलेले पाय आहेत ते.