सिगारेट सोडून व्हेप (ई-सिगारेट) घेताय? आधी एवढंच बघा

तुम्ही लंडनला आहात म्हणून सांगतो. रिफिल करता येणारं साधं पॉड किट घ्या, म्हणजे लिक्विड भरायची छोटी डबी (पॉड) असलेला व्हेप. वॅट, एअरफ्लो असल्या सेटिंग्ज सध्या विसरा. वापरून फेकायचे व्हेप तिथे १ जून २०२५ पासून विकायला बंदच आहेत.

बहुतेक जण फसतात ते निकोटिनमध्ये. रोज पाकीटभर ओढणारा माणूस ३ मिलिग्रॅमचं (दर मिलिलिटरमागे) लिक्विड आणतो, तलफ भागत नाही, की पुन्हा सिगारेट! जास्त ओढत असाल तर २० मिलिग्रॅमचं निकोटिन सॉल्ट (घशाला कमी टोचणारं निकोटिन लिक्विड) घ्या. तिथे कायद्याने तेवढीच मर्यादा आहे. हळूहळू उतरवता येतं.

- झुरका सावकाश घ्या, खसकन नको.
- नवा पॉड भरल्यावर दहा मिनिटं थांबा, नाहीतर कॉइल (लिक्विड तापवणारी तार) जळते.
- दोन्ही चालू ठेवू नका, सिगारेट पूर्ण बंद.

आणि सुट्टीत घरी येताना व्हेप बॅगेत नको. भारतात २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदी आहे.