निन्टेन्डोचा 'वी' हा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल इतका साधा असूनही सोनीच्या प्लेस्टेशन ३ समोर कसा टिकला?

टिकला कसला, पुढे गेला! कारण तो ताकदीच्या शर्यतीत उतरलाच नाही. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरला आला, ब्लू-रे डिस्क आणि एचडी चित्रासह. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० चा भर ऑनलाइन खेळणाऱ्यांवर. दोघांचं गिऱ्हाईक एकच, मुरलेला गेमर. वी मात्र २४९ डॉलरला, एचडी नाही, आणि जपान सोडून बहुतेक ठिकाणी 'वी स्पोर्ट्स' हा गेम त्याच्यासोबत फुकट.

खरी गंमत रिमोटमध्ये. डझनभर बटणं बघून ज्या आजी घाबरल्या असत्या, त्यांना फक्त हात फिरवायचा होता: टेनिसची रॅकेट मारतात तसा, बोलिंगचा चेंडू सोडतात तसा. लोक इतके रंगात यायचे की रिमोट हातातून निसटून टीव्हीवर आदळायचा. शेवटी कंपनीने मनगटाची दोरी बदलून जाड दिली!

वी दहा कोटींहून जास्त खपला, प्लेस्टेशन ३ नऊ कोटींच्या आत. पण हे कधीमधी खेळणारं गिऱ्हाईक टिकाऊ नसतं. ते मोबाईलकडे वळलं आणि पुढचा 'वी यू' जेमतेम १.३५ कोटींवर अडकला. नाव तर असं गोंधळाचं की अनेकांना ते जुन्या वीचंच काहीतरी जोडसामान वाटलं.